खाडीकाठची फुकट पार्किंग

"बाबा, तुम्ही फक्त गाडीत बसा. त्या गावाचा अख्खा इतिहास तुम्हाला दाखवतो!" लंडनच्या हॅरोहून निघताना प्रणवने सासऱ्यांना छातीठोकपणे सांगितलं. पण सासरे पद्माकरराव साताऱ्याच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले!

खाडीच्या मुखाशी वसलेलं ते गाव चिमुकलं होतं. काठावर भलीमोठी मोकळी जागा दिसली. एक गाडी नाही, तिकिटाचं मशीन नाही! जमीन जरा ओलसर होती, एवढंच.

"बघा, लोकांना माहीतच नाही ही जागा!" प्रणवने ऐटीत गाडी लावली.

"माझे गुडघे दुखतायत. मी पडते इथेच," सासूबाई, म्हणजे मधुमतीबाई, म्हणाल्या आणि मागच्या सीटवर आडव्या झाल्या.

जुन्या चर्चमध्ये तोंडी परीक्षा सुरू झाली.

"इथला मिठाचा व्यापार का बसला, प्रणवराव?"

"गाळ साचला, बाबा. जहाजं येईनात."

"मग गाळ का नाही उपसला?"

प्रणव भिंतीवर कुठे माहितीची पाटी दिसते का ते शोधू लागला. तेवढ्यात घरून बायकोचा, ईशिताचा, फोन आला. "आई फोन का उचलत नाहीये?"

"झोपल्या असतील गं!"

चर्चमध्ये फुलं रचणारी सारा नावाची बाई जवळ आली. "काठावरची निळी गाडी तुमची का? भरती आलीय."

"हो ना, फार सुंदर दिसतं!"

"अहो, गाडीत शिरतेय ती!"

प्रणव सुसाट धावला. गाडी दाराच्या हँडलपर्यंत पाण्यात! टपावर एक सीगल पक्षी बसलेला. मागची सीट रिकामी, आणि लाटांवर सासूबाईंची एक चप्पल तरंगत होती!

"आई! आई!" करत तो कमरेइतक्या गारढोण पाण्यात घुसला. खिशात फोन वाजला. ईशिताच असणार! काय सांगायचं तिला? तोवर फोनच पाण्यात भिजून बंद पडला.

"प्रणवराव, तिथे काय शोधताय?"

बोटक्लबच्या व्हरांड्यात सासूबाई बसल्या होत्या. अंगावर ब्लँकेट, हातात चहा! "चाकं बुडायला लागली तशी या लोकांनी मला उचलून आणलं. चप्पल, फोन, सगळं गाडीतच राहिलं घाईत."

प्रणवला रडू येत होतं की हसू, त्यालाच कळेना. कुडकुडत तो क्लबमध्ये शिरला. भिंतभर फोटो लावलेले, सगळे बुडालेल्या गाड्यांचे! दर उन्हाळ्यात एक तरी पाहुणा तिथे गाडी लावतोच, क्लबवाले कौतुकाने सांगत होते.

मागून आलेले पद्माकरराव चष्मा लावून एकेक फोटो मन लावून न्याहाळत होते. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"प्रणवराव, परत जरा पाण्यात उभे राहता का? टप बुडायच्या आत या भिंतीसाठी फोटो घेतो!"