प्रमाण बूट

वजनमापे तपासणी कार्यालयातला सहायक तपासनीस रोज सकाळी धावत असे, आणि धावताना त्याला बरं वाटत असे. यात बेकायदेशीर काही नव्हतं. फक्त या बरं वाटण्याची आजवर मोजणी झालेली नव्हती, आणि तो ज्या कार्यालयात नोकरीला होता तिथे न मोजलेली गोष्ट अस्तित्वात आहे असं मानायची पद्धत नव्हती.

धावणं साधंच. घरामागच्या पाण्याच्या टाकीपासून कालव्यापर्यंत जायचं, वाटलं तर पुलाच्या कठड्याला जरा टेकायचं, नाही वाटलं तर तसंच परतायचं. कोणाशी शर्यत नाही, पोट कमी करायचं नाही. बूट मात्र ठरलेले. एकेकाळी ते निळे असावेत. डावा तळ बाहेरच्या बाजूने झिजून तिरका झाला होता, उजव्याची नाडी दुसऱ्याच कुठल्या बुटाची होती, पण आत पाऊल सरकवलं की जुन्या मित्राने खांद्यावर हात टाकावा तसं वाटायचं. बायकोने ते दोनदा कचऱ्यात टाकले होते, आणि दोन्ही वेळा तो कचरागाडीमागे धावला होता. तेही मजेत.

कार्यालयाच्या तळघरात काचेच्या हंडीखाली एक पितळी वजन ठेवलेलं होतं. शहरातल्या सगळ्या वजनांचा तो बाप. त्याने कधी काही तोललं जात नसे. तोललं की झिजणार, झिजलं की चुकणार. कधीच न वापरल्यामुळे ते कधीच चुकलं नव्हतं. साहेबांना याचा फार अभिमान होता. त्यांची स्वतःची कारकीर्दही याच तत्त्वावर उभी होती. या वजनाला हलवायचा मान एकाच कर्मचाऱ्याला होता. हाताला घाम असतो म्हणून तो सगळं चिमट्याने उचलायचा, चहासोबतचं बिस्किटसुद्धा. त्याला सगळे चिमटाच म्हणत.

अशात वरून आदेश आला: सर्व कार्यालयांनी कर्मचाऱ्यांचा आनंद वाढवावा, व तो किती वाढला ते कळवावे. इतर खात्यांनी दुसऱ्याच दिवशी आनंद दुप्पट झाल्याचं कळवून टाकलं. पण हे मोजमापाचं खातं. इथे असं ठोकून देऊन चालणार नव्हतं. मोजायचं तर आधी प्रमाण हवं. साहेब याच विवंचनेत गाडीतून येत असताना कालव्याकाठी त्यांना आपला सहायक तपासनीस दिसला. एकटाच धावत होता, आणि चक्क हसत होता.

कार्यालय उघडताच त्याला बोलावणं आलं.

"कशासाठी धावत होतात?" साहेबांनी विचारलं.

"असंच, साहेब."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही."

"कोणी मागे लागलं होतं?"

"नाही हो. मजा येते म्हणून."

"किती?"

"बऱ्यापैकी," तो म्हणाला.

साहेब चिमट्याकडे वळले. "कारण नाही, फायदा नाही, भीती नाही. कसलीही भेसळ नसलेला नमुना सापडलाय."

"बूट लागतील, साहेब," चिमटा म्हणाला. "आनंद तळव्यातूनच येत असणार. चेहऱ्यावर दिसतो तो उरलासुरला."

त्याच संध्याकाळी बूट तळघरात गेले. चिमट्याने ते नाडीला धरून उचलले आणि वजनाशेजारी दुसऱ्या हंडीखाली ठेवले. पुसायचे की नाही यावर बराच खल झाला. शेवटी चिखल हा आनंदाचाच भाग धरून तो तसाच ठेवण्यात आला.

"मग मी धावायचं कशाने?" सहायक तपासनिसाने विचारलं.

"तुम्ही धावायचं नाही," साहेब चकित होऊन म्हणाले. "तुम्ही आता प्रमाण आहात. झिजलात म्हणजे?"

त्याला गादीची खुर्ची मिळाली. जिन्याने चढायला बंदी झाली.

"बूट कुठे गेले तुझे?" घरी बायकोने विचारलं. "मी नाही हं टाकले या खेपेला."

"काचेखाली आहेत."

"आणि तू?"

"मी खुर्चीवर."

"चांगलंय. म्हणजे दोघांवरची धूळ आता कोणीतरी दुसरं पुसणार."

पण रात्री तो कुशीवर वळला की त्याचे पाय पांघरुणात धावल्यासारखे हलायचे, आणि ते बघून तिला थट्टा सुचेनाशी झाली.

इकडे काम धडाक्यात सुरू झालं. सहायक तपासनिसाच्या 'बऱ्यापैकी'ला शंभर धरून आनंद मोजायचं यंत्र तयार करण्यात आलं. कर्मचाऱ्यांना इमारतीभोवती पळवून त्यांच्या आनंदाची प्रमाणाशी तुलना करण्यात आली. सगळे कमी भरले. मग मोहीम बागेत पोचली. तिथे एक निवृत्त शिक्षिका मोठ्याने गाणं म्हणत धावायच्या. त्यांचा आनंद प्रमाणापेक्षा जास्त भरला, म्हणून त्यांना नोटीस बजावली गेली.

"जास्त आहे ना? मग बिघडलं कुठे?" बाईंनी विचारलं.

"बाई, तराजू कमी दाखवो नाहीतर जास्त, खोट ती खोटच," चिमटा शांतपणे म्हणाला.

तेव्हापासून बाग शांत झाली. लोक बेताने धावू लागले, बेताने हसू लागले, आणि काही जण घरीच राहू लागले. शहरातला आनंद एकसारखा झाल्याचं साहेबांनी वर कळवलं.

सहायक तपासनीस रोज तळघरात जाऊन काचेतून बूट बघून यायचा. अखेर त्याला नियमांतच एक फट सापडली. तो साहेबांकडे गेला.

"साहेब, प्रमाणाचीही फेरतपासणी करावी लागते ना? एकदा धावून बघायला हवं."

साहेबांना नाही म्हणता येईना. नियम त्यांचाच होता.

फेरतपासणीच्या सकाळी तो बायकोच्या आधी उठून तयार होऊन बसला होता. कालव्याकाठी फेरतपासणीसाठी नेमलेली समिती जमली. त्याच्या छातीला, मानेला आणि दोन्ही गालांना यंत्राच्या तारा चिकटवल्या गेल्या. चिमट्याने बूट आणले. कोरड्या हवेत राहून ते पुठ्ठ्यासारखे कडक झाले होते. पाऊल आत जाईना. दोघांनी दाबून घातलं.

"आता नेहमीसारखे, सहज धावा," साहेब म्हणाले. "तारा सांभाळून."

तो धावला. टाच सोलली गेली, डाव्या गालाची तार कानाला गुंतली, आणि मागून समिती यंत्र आणि छत्र्या घेऊन धावत होती. परत आल्यावर यंत्राने आकडा दाखवला. प्रमाणाच्या निम्मासुद्धा नव्हता.

"बूट खराब झालेत, साहेब," तो कळवळून म्हणाला. "ठेवून ठेवून खराब झालेत."

असं त्या खात्यात आजवर कोणी बोललं नव्हतं.

"प्रमाण खराब होत नसतं," साहेब हळू आवाजात म्हणाले. "बिघाड तुमच्यात आहे."

बूट सन्मानाने हंडीखाली परतले. त्याला प्रमाणपदावरून मुक्त करण्यात आलं, खुर्ची काढून घेण्यात आली, आणि यापुढे त्याने वाटेल तितकं धावावं, त्याला कोणी मोजणार नाही, असं बजावण्यात आलं.

बायकोने नवे बूट आणून दिले. दुसऱ्या दिवशी तो टाकीपासून कालव्यापर्यंत गेला, पुलावर टेकला, पाण्याकडे बघत राहिला आणि परत आला. घामाने भिजलेला, गाल लाल, डोळे चमकत होते.

"आली का मजा?" तिने दारातच विचारलं.

तो थबकला. "काय माहीत. यंत्र कुठे होतं?"

"अरे, आरशात बघ की स्वतःचा चेहरा!"

"आरसा तपासून घेतलेला आहे का?"

तिने कपाळावर हात मारला. वाचता वाचता तुम्हीही मारला असेल. पण आज सकाळी डोळे उघडल्यावर रात्री झोप लागली की नाही हे तुम्ही मनगटावरच्या यंत्राला विचारलंत, त्याने "नीट नाही" असं सांगितलं, आणि त्यानंतर तुम्ही दिवसभर जांभया दिल्यात. तेव्हा तुमच्या घरातही कोणीतरी कपाळावर हात मारला होता.