यादीतला एक नंबर

"एक नंबर खंय गेलो? बंद कर तो प्रिंटर! आधी एक नंबर खंय ता सांग!"

परबकाका ओरडत होते, प्रिंटर त्यांच्याहून मोठ्यानं ओरडत होता, आणि मी मधे उभा राहून चक्क हसत होतो. ते हसू आठवलं की आजही मान खाली जाते.

परबकाका म्हणजे कांजूरमार्गच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे मालवणी गृहस्थ. त्यांचं तत्त्व एकच: "बरा चलता ता बदलूचा कित्याक?" हे पंख्याला, चपलेला आणि एका हलत्या दाताला सारखंच लागू. गावच्या मंडळाच्या पूजेची निमंत्रणं ते पोस्टानं धाडायचे. पत्ते छापायला काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांचा जुनापुराणा प्रोग्राम, आणि ठिपके ठोकत छापणारा प्रिंटर. तो सुरू झाला की पार भांडुपपर्यंत कुत्री भुंकायची. खालच्या मजल्यावरचं तान्हं बाळ मात्र त्याशिवाय झोपायचं नाही.

यंदा जुना कॉम्प्युटर धूर काढून गेला. लेकीनं नवा पाठवला, पण तो जुन्या प्रोग्रामला ओळखच दाखवेना.

"काका, दोन मिनिटांचं काम!" मी छाती फुगवली.

ती दोन मिनिटं तीन रविवार पुरली. आतली यादी कशीबशी वाचवली, बाकीचं धूड भंगारवाल्याला दिलं. नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारा एक प्रोग्राम मिळाला. हिरवी अक्षरं उगवली तेव्हा काकांनी स्क्रीनला हात जोडले. मग छपाई अडली. प्रिंटरची ती मनगटाएवढी केबल जाईल असं भोकच नव्या यंत्राला नव्हतं. बाजार पालथा घालून जोडवायर आणली.

काका चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात मी यादी चाळली. एक नंबरलाच नाव: सौ. सुनंदा परब. पत्ता हाच. काकी जाऊन चार वर्षं झालेली! म्हातारे विसरले असणार, म्हणून मी नाव पुसलं आणि परोपकाराच्या तोऱ्यात छपाई सोडली. काका चहा घेऊन आले, पट्टीवरचं पहिलं नाव बघितलं आणि ओरडायला लागले.

"अहो, काकींचं नाव राहिलं होतं," मी हसत म्हणालो. "मीच काढलं."

काकांनी स्वतः बटण दाबलं. प्रिंटर गप्प झाला.

"चारशे बारा नावां तिनाच टायप केली. स्वतः एक नंबर, माका दोन नंबर. सगळ्या गावाक कार्ड जाता, तिका नको? मी पोस्टात टाकतंय, पोस्टमन हय आणून देता. मगे दारातसून हाक मारतंय, 'सुनंदा, तुझा कार्ड इला गो.'"

मूळ यादी त्या जुन्या धुडातच होती; मी चपला न घालता भंगारवाल्याकडे धावलो. माल सकाळीच पुढं गेलेला. परत येऊन नाव पुन्हा टाकलं, तर पुसलेला नंबर प्रोग्राम परत देईना. चार वेळा टाकलं, चार वेळा पुसलं. काकी शेवटीच.

"काका... शेवटचा नंबर चालेल का हो?" मी विचारलं.

काका छापलेल्या पट्टीच्या कडा फाडत होते. वर न बघता म्हणाले,

"ऱ्हवांदे. औंदा तिका तोंडी सांगतंय."