झरोक्यांवरचा लोकसहभाग

"एकोणतीस पूर्णांक दोन!" तापमापकाखाली स्टुलावर उभी असलेली सातवीतली मुलगी ओरडली आणि मुख्याध्यापिकाबाईंनी वर पाहिलं.

घड्याळात साडेअकरा झाले होते. बरोबर बारा वाजता, पंखा न लावता, या नव्या नमुना वर्गाचं तापमान तीस अंशांच्या आत राहायला हवं होतं. राहिलं तर असेच आणखी सहा वर्ग मंजूर होणार होते. नाही राहिलं, तर पहिली-दुसरीची पोरं यंदाही पत्र्याच्या शेडमध्येच बसणार होती. शेडमधल्या पोरांना दर तासाला तोंड धुवायला सोडावं लागे. गेल्या उन्हाळ्यात दोघांना तिथे भोवळ आली होती. बाई ते दोन चेहरे विसरल्या नव्हत्या.

त्या मुलीला सगळी शाळा मीटरबाई म्हणे. वर्ग बांधताना पालकांनी मातीच्या विटा पाडल्या, मुलांनी छपरावर चुना फासला, आणि बांधून झाल्यावर हिने तीन महिने रोजचं तापमान वहीत लिहिलं. वहीत कधीच अठ्ठावीसच्या वर आकडा नव्हता. मग आजच काय झालं होतं?

आज माणसं झाली होती. नियमावलीच्या चौथ्या पानावर तीस अंशांची अट होती, आणि नवव्या पानावर लोकसहभागाची: तपासणीच्या वेळी वर्गात किमान पन्नास पालक हजर हवेत. ही दोन पानं लिहिणारी माणसं एकमेकांना कधी भेटली नसावीत.

"बाई, एक माणूस म्हणजे शंभर वॅटचा एक दिवा," मीटरबाई वही बघत म्हणाली. "आत त्रेपन्न जण आहेत. बेकरीवाले काका दीड धरले तर साडेत्रेपन्न."

"मला कशाला मोजतेस गं?" बेकरीवाला उखडला. "मी जन्मभर भट्टीपाशी उभा असतो. मला हे गार वाटतंय!"

"तुम्हाला गार वाटतंय, कारण तुमची गरमी आम्हाला लागतेय," शेजारची शिवणकाम करणारी बाई म्हणाली.

तपासणीला आलेले साहेब खुर्चीत ताठ बसले होते. त्यांचा चेहरा असा होता की त्यावर शिक्का मारला असता तर उमटला असता. "बाई, पन्नासपेक्षा एकही कमी चालणार नाही," ते म्हणाले.

"मग तिघे जास्तीचे बाहेर जा!" बाईंनी हुकूम सोडला. तिघे गेले, पण घरी जायचं सोडून खिडकीशी येऊन आत डोकावू लागले. त्यांचं पाहून रस्त्यावरचे आणखी चौघे आले. खिडकीतून येणारा वारा सात डोक्यांना अडून तिथेच राहिला.

"एकोणतीस पूर्णांक सात!"

"शिपाईमामा, खिडकीतली माणसं हटवा!"

मामांनी हटवली. ती दारात जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात आर्किटेक्टताई धापा टाकत आल्या. महिनाभर दुसऱ्या कामावर होत्या त्या. दारातून कशाबशा आत शिरल्या, हात वर करून हवा चाचपली आणि थबकल्या. "वारा का नाही? वरचे झरोके उघडे आहेत ना?"

"उघडे आहेत," मामा म्हणाले. "मी सकाळी शिडी लावून बघितलं."

"आणि खालचे?"

उत्तरेच्या भिंतीशी दाटीने उभ्या असलेल्या पालकांना ताईंनी बाजूला सारलं. जमिनीपासून हातभर उंचीवर, सावलीतल्या बोळातली गार हवा आत घेण्यासाठी त्यांनी जाळीचे दहा मोठे झरोके ठेवले होते. तिथे आता नऊ मोठी रंगीत चित्रं आणि टोकाला एक लिहिलेला कागद होता. पहिल्या चित्रावर लिहिलं होतं: 'हवा खेळती ठेवा.'

"कोणी लावली ही?" ताईंचा आवाज चिरकला.

चित्रकलेचे सर पुढे आले. "मी. काल संध्याकाळी. लोकसहभागाचा पुरावा, नवव्या पानावर आहे. खाली बसलेल्या मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा, असंही आहे. भिंतीला चुना, तिथे खळ धरत नव्हती. या जाळ्या तेवढ्या मोकळ्या दिसल्या."

"त्या मोकळ्या असायलाच हव्या होत्या, सर!"

"तीस!" मीटरबाई ओरडली. "बाई, तीस पूर्ण झाले."

बारा वाजायला अकरा मिनिटं होती. "काढा सगळी," बाई म्हणाल्या.

"थांबा," बेकरीवाला चित्रासमोर आडवा झाला. "हे माझ्या लेकीचं आहे. चार रात्री जागून काढलंय. आधी त्यांचं काढा."

"आमचं का म्हणून?" शिवणकामवाली पदर खोचून उभी राहिली. "माझ्या पोराच्या सूर्याला बक्षीस मिळालंय. फाटलं तर तो महिनाभर तोंड फुगवून बसेल. तुम्ही येणार का समजूत काढायला?"

"सहा झरोके मोकळे केले तर पुरेल का हो ताई?" कुणीतरी मागून सौदा सुरू केला. आणि ते सहा कुणाचे, यावरून नऊ घरांत जुंपली. भांडणारा माणूस किती वॅटचा, हे मीटरबाईच्या वहीत नव्हतं.

"तीस पूर्णांक चार!"

साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

बाई भिंतीच्या टोकाला गेल्या. तिथल्या कागदावर 'मुख्याध्यापिकांचा संदेश' होता, त्यांच्याच हातचा. तीन वेळा खोडून चौथ्यांदा पक्का केलेला. त्यांनी नखाने कोपरा सोडवला आणि एका दमात कागद ओढला. संदेश मधोमध फाटला. जाळीतून गार झुळूक आली आणि पायांवरून गेली.

"अगं बाई!" शिवणकामवाली पाय मागे घेत म्हणाली. तिने एकदा जाळीकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेरच्या शेडकडे. तिचा धाकटा तिथेच बसायचा. ती खाली वाकली आणि सूर्य सोलून काढला. बेकरीवाला क्षणभर आडवाच राहिला. मग ओठ चावत त्याने स्वतः लेकीचं चित्र अलगद सोडवलं, गुंडाळी करून छातीशी धरलं. मग टराटरा सगळेच सुटले. दारातल्या माणसांना मामांनी अक्षरशः ढकलून दूर केलं.

पन्नास माणसं श्वासही जपून सोडत होती.

"तीस पूर्णांक एक," मीटरबाई कुजबुजली. आकडा बराच वेळ हलला नाही. मग, "तीस."

साहेबांनी मनगट वर केलं. "बारा. वाच."

मीटरबाईने डोळे बारीक केले. "एकोणतीस पूर्णांक आठ!"

साहेबांनी उठून स्वतः पाहिलं, माणसं मोजली, सही केली. "मंजूर," ते म्हणाले. बाई मटकन खुर्चीत बसल्या. बेकरीवाल्याने शिवणकामवालीला टाळी दिली आणि लगेच लाजून हात पुसला.

तेवढ्यात साहेबांच्या ड्रायव्हरने गाडीतून एक भलामोठा पत्रा आत आणला. निळ्या रंगाचा, रुंद, चकचकीत. त्यावर लिहिलं होतं: 'ही वास्तू नैसर्गिक वाऱ्याने थंड राहते.'

"हा याच वर्गात लावायचा," साहेब म्हणाले. "खाली बसलेल्या मुलांच्या नजरेच्या उंचीवर. अकरावं पान. सहा महिन्यांनी पाहायला येईन, जागेवर दिसला पाहिजे."

पत्रा उत्तरेच्या भिंतीला लावून पाहिला. दहापैकी सात झरोके झाकले गेले. बाकीच्या तीन भिंतींत दार, फळा आणि खिडक्या होत्या. साहेबांची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत सगळे हसऱ्या चेहऱ्याने हात हलवत राहिले.

शिपाईमामा ड्रिल घेऊन आले. "बाई, पत्र्याला भोकं किती पाडू? चार पुरतील?"

बाईंनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मीटरबाईकडे. मीटरबाईने वही उघडून हिशेब केला.

"दोनशे पाडा, मामा," ती म्हणाली. "फक्त अक्षरं सोडून."