नसलेल्या खोकल्याचं पथ्य

दिघोरीतल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात माझा खोकला सगळ्या आळीला ठाऊक होता. मलाच तेवढा ठाऊक नव्हता, कारण मला खोकला नव्हताच.

ही करामत माझे घरमालक डोमाजीकाका यांची. एकोणऐंशी सालची गोष्ट. मी शाळेत मास्तर म्हणून नवा आलेलो, काका विधुर आणि एकटे. त्यामुळे खोलीबरोबर जेवणही त्यांच्याच हातचं. सकाळी मी दात घासायला अंगणात आलो की काका कानाला मफलर गुंडाळून हजर. आवाज असा की तळ्यावरचे बगळे उडावेत.

"मास्तर, खोकला लय वाढला तुमचा. आज दही बंद!"

"काका, मी खोकलोच नाही."

"नसान. पन काल जाम खाल्ला ना?" जाम म्हणजे पेरू. "थंडी नाकातून येत नाही, मास्तर. पोटातून येते."

दोन आठवडे मी माणूस वेडा समजून सोडून दिला. तिसऱ्या आठवड्यात मी स्वतःच गुपचूप घसा खाकरून पाहू लागलो, आणि मग मात्र डोकं चाललं. खोकला खराच होता, पण भिंतीपलीकडे. अंगणात छातीएवढी मातीची भिंत होती आणि तिच्या पल्याड काकांचे थोरले भाऊ सीतारामजी राहत. शेताच्या वीतभर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचा सात वर्षं अबोला. दोघांना एकमेकांची डोकी दिवसभर दिसत, पण बोलणं नाही म्हणजे नाही. दिवाळीपासून सीतारामजी खोकून खोकून वाळत चालले होते, रोज दहीभात खात होते, आणि काकांचा जीव इकडे टांगणीला लागला होता. न बोलता सांगायचं कसं? तर देवाने भाडेकरू पाठवला होता.

"मग त्यांनाच सांगा की," मी वैतागून म्हणालो.

"मी कायले सांगू? थो मोठा हाये, त्यानं बोलावं पह्यले."

बरं, नुसतं ऐकून माझी सुटका नव्हती. पलीकडून दिसतं, म्हणून पथ्य मला खरोखर पाळावं लागे, तेही अंगणात बसून. गावभर नव्या तांदळाचा घमघमाट आणि मी मागच्या वर्षीच्या तांदळाचा भात चावतोय. सकाळी जवसाची चटणी आणि भाकर, दुपारी लसूण घातलेली लाखोरीची डाळ, वर सुंठ-गूळ. शिंगाडे उकडूनच. एकदा शाळेमागे चोरून पेरू खाल्ला, तर संध्याकाळी काका म्हणतात, "शिकलेल्या मानसानं असं करावं?" कोणत्या कार्ट्याने चहाडी केली देव जाणे.

संक्रांतीपर्यंत माझे गाल वर आले, विजार घट्ट झाली. औषध माझ्या पोटात आणि आजार दुसऱ्याच्या, त्याला गुण कसा येणार? पलीकडचा खोकला खोलच जात राहिला.

एका सकाळी तो थांबेचना. काकांनी त्या दिवशी आरोळी ठोकली नाही. मेथीचे लाडू भरलेला डबा माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "भिंतीवर ठेवा. म्हना, मास्तरले पचत नाही."

मी ठेवला, म्हणालो. काका पाठ फिरवून जळणाच्या तुराट्या रचायला लागले. एकच तुराटी चार वेळा इकडची तिकडे. सीतारामजी शेकोटीपासून उठले, भिंतीपाशी आले आणि त्यांनी डब्याचं झाकण काढलं. मग एक लाडू उचलून त्यांनी सावकाश संपवला.

"मास्तर."

"जी."

"तुमच्या घरमालकाले म्हना, लोकाले पथ्य सांगून राहिला, आन् सोता बायको गेल्यापासून रोज शिळा भात खाते. चुलीपाशी उभ्यानं. मले काय दिसत नाही? आजपासून जेवाले इकडे ये म्हना."

मला शरम वाटली. तीन महिने त्या माणसाच्या हातचं गरम खाल्लं, पण तो काय खातो हे एकदाही विचारलं नव्हतं.

काका वळले. हातात ती तुराटी तशीच.

"मास्तर," ते म्हणाले, "दादाले सांगा..."

 निदान एवढं तरी पोचवावं म्हणून मी भिंतीकडे वळलो, तर सीतारामजी माझ्याकडे पाहतच नव्हते, थेट काकांकडे पाहत होते.