दोन सिंह, शीर एक

श्री ॥ दगडास ज्याने गप्प राहणे शिकविले त्यास नमन. इसवी सन अकराशे एकतीस, संवत्सराचे नाव त्या मुलखी कोणास ठाऊक नाही. पश्चिमेस फिरंग्यांचे एक राज्य, तेथे थोरले राजे व धाकटे राजे बंधू एकाच गादीवर बसत, आणि गादी अरुंद, म्हणोन नित्य कोपराकोपरी होई. मग उभयतांनी नवे चर्च बांधविले आणि रेमोंजी पाथरवटास हुकूम जाहला की खांबाचे माथां आमचे दोन सिंह कोरावे. रेमोंजीने सिंह पाहिला नव्हता, त्या मुलखी कोणीच पाहिला नव्हता, सबब त्याने आपला कुत्रा समोर बसविला, आयाळ मनची घातली, आणि धंद्याचे चालीप्रमाणे खांबाचे दोन बाजूंस दोन धडे कोरोन कोपऱ्यावर दोहोंचे शीर एकच केले. दोन शिरे तेथे मावतीच ना.

मग पडदा उतरला आणि दोघे राजे वर पाहू लागले. थोरले वदले, “शीर आमचे. धाकट्या, तुझे वाट्यास शेपटी.” धाकटे वदले, “दादासाहेब, शेपट्या दोन आहेत, नीट पाहावे. जीभ मजकडे वळली आहे.” मग पाद्रीबाबांस पुसिले. ते वदले, “आम्हांस तर कुत्रा वाटला,” आणि पुढे त्यांस कोणी काही पुसिले नाही. मग थोरले रेमोंजीस म्हणाले, “शीर कोणाचे ते सांग. आमचे नसेल तर तुझे हात तोडवितो.” धाकटे म्हणाले, “आणि त्यांचे असेल तर आम्ही तोडवितो.” रेमोंजीने शीर पाहिले, हात पाहिले. कोणाचे, हे त्याने कोरतानाही ठरविले नव्हते. मग चाचरत बोलिला, “सरकार, आपापले बाजूस उभे राहोन पाहावे.” थोरले डावीकडे गेले, धाकटे उजवीकडे, आणि ज्यास त्यास शीर आपलेच धडावर दिसले, दुसऱ्याचे धड खांबाआड. दोघेही वदले, “आमचेच.” मग खांब ओलांडू नये ऐसा करार जाहला आणि रेमोंजीचे हात वाचले. दरबारी मात्र कोणते बाजूस उभे राहावे हे न कळोन मधोमध, शिराखालचे कोपऱ्यापुढे दाटी करू लागले.

रेमोंजी घरी आला, तो थोरल्यांचा आचारी दारी उभा. कराराची मेजवानी म्हणोन रेमोंजीच्या दोन मेंढ्यांतील एक घेवोन गेला. मग धाकट्यांचा आला. रेमोंजी म्हणाला, “आत्ताच नेली की हो.” तो म्हणाला, “ती त्यांची. मेजवान्या दोन आहेत,” आणि उरली मेंढी तीही नेली. बायको म्हणाली, “राजे एक जाहले म्हणत होता ना?” रेमोंजी कुत्र्याजवळ बसला आणि म्हणाला, “शिराचेच पाहत राहिलो गं. पोटे दोन कोरिली, तीही मीच.”

सारांश, शीर कोणाचे हे अद्याप ठरले नाही. पोटांविषयी त्या मुलखी वाद नाही. इतकेच लिहोन लेखणी खाली ठेविली.