नमुन्यादाखल टेकडी

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तर सालची. त्या काळी सायकलला परवाना लागे, रेडिओला परवाना लागे, पण शेळीला टेकडीवर चरायला काहीच लागत नसे. व्यवस्थेतली ही गंभीर त्रुटी त्या वर्षी दूर करण्यात आली. 'उथळ उतार मृदा नियमन' नावाची सतरा पानी नियमावली निघाली. ज्याच्याकडे हातभरापेक्षा कमी खोल माती आहे, त्याने तिच्यावर जनावरं चारण्यापूर्वी किंवा घर बांधण्यापूर्वी परवानगी घ्यावी, असं तिच्यात ठरलं.

आत्याची माती वीत आणि चार बोटं खोल होती. पसरलेली मात्र चांगली अर्ध्या टेकडीभर होती.

तिला सगळेच आत्या म्हणत. नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाकडे, स्वयंपाकघरामागच्या पडवीत राहायला आली होती आणि तिच्या आठ शेळ्या अंगणात. आता पाच महिन्यांवर भाच्याचं लग्न आलं होतं.

"वन्सं, घाई नाही हं," भावजय दर दोन दिवसांनी म्हणे. "पण पडवीला रंग द्यायचा, तर ती रिकामी नको का?"

"आणि शेळ्या?"

"त्यांना नाही रंग द्यायचा."

आत्याला टेकडीवर दोन खोल्या बांधायच्या होत्या आणि शेळ्या सोडायच्या नव्हत्या. बेत तिच्या डोक्यात कधीचा पक्का होता. माथ्याजवळ खडक उघडा पडला होता, तिथे घर. खाली माती होती, तिथे गवत. उताराला आडवे दगडांचे बांध तिने आणि नवऱ्याने मिळून घातलेलेच होते. शेळ्यांना एका तुकड्यात आठ दिवस ठेवायचं, की उठवून पुढच्या तुकड्यात न्यायचं. गवत परत येईपर्यंत मागे वळून बघायचं नाही.

हे सगळं तिने परवानगीच्या अर्जात लिहिलं आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यालाही सांगितलं. लोक त्याला मातीसाहेब म्हणत. पायातल्या बुटांना चिखल लागू नये म्हणून तो त्यांवर जुने मोजे चढवी.

"याला आधार काय?" त्याने विचारलं.

"वीस वर्षं माती जागची हललेली नाही."

"तो परिणाम झाला, बाई. मी आधार विचारतोय."

आधार म्हणजे नमुना. नियम चारप्रमाणे दर दोन पावलांवर एक पाटी माती घ्यायची होती. चार ट्रक भरले. मातीसाहेबाने प्रत्येक गोणीला चिठ्ठी बांधली, आत्याचा अंगठा मागितला, आणि तिने सही केल्यावर जरा नाराज झाला.

महिन्याने तो पुन्हा आला. गोण्यांवरच्या चिठ्ठ्या पुसट झाल्या होत्या, त्यामुळे नमुना नव्याने घ्यायचा होता. त्याने पट्टी जमिनीत खोचली, वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"वीत आणि दोन बोटं. दोन बोटं माती गेली."

"तुम्हीच नेलीत की."

"मी नमुना नेला. माती नेण्याचा मला अधिकार नाही."

आठवड्यात नोटीस आली. 'आपल्या जमिनीची गंभीर धूप आढळून आली आहे. कारण : शेळ्या.' छापील नोटिशीत कारणं दोनच होती, 'शेळ्या' आणि 'इतर'. 'इतर'वर खूण करायची तर सोबत पुरावा जोडावा लागे, आणि आजवर कोणाला तेवढी उसंत मिळाली नव्हती.

"साहेब, धूप तुमच्या गोणीत आहे," आत्या कचेरीत जाऊन म्हणाली.

"ते लेखी द्या."

तिने लेखी दिलं. त्याची पोच मिळाली, आणि धुपीचा वेग ठरवण्यासाठी दर पंधरा दिवसांनी नमुना घेण्याचा आदेशही मिळाला. तोवर शेळ्यांना टेकडी बंद झाली. त्या अंगणात बांधलेल्या राहिल्या, आणि कंटाळून त्यांनी एक वेताची खुर्ची, दोन पायपुसणी आणि व्याह्यांसाठी शिवलेल्या नव्या गादीचा एक कोपरा खाल्ला.

"वन्सं, मी काही बोलत नाही," भावजय म्हणाली आणि तासभर बोलली.

नमुने वेळेवर घेतले जात होते. प्रत्येक वेळी माती कमी भरत होती, तेव्हा शंकेला जागाच नव्हती. मातीसाहेबाने लाल शाईने धुपीचा आलेख काढला. रेघ इतकी सरळ खाली येत होती, की वरिष्ठांनी तो चौकटीत बसवून घेतला. बाहेरगावचे अधिकारी येत, आलेखासमोर उभे राहून हळहळत आणि चहा घेऊन जात. चौथ्या महिन्यात टेकडी घासूनपुसून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखी लखलखू लागली.

इकडे कचेरीत जागेची पंचाईत झाली होती. नमुना नष्ट करता येत नाही, असा नियम नऊ होता. आत्याचा नमुना होता, तिच्या शेजाऱ्यांचे होते, पलीकडच्या उतारावरच्या एकोणतीस जणांचे होते. तळमजल्यावरचं अभिलेखागार खिडक्यांपर्यंत भरलं. गोण्या फुटल्या. त्या दालनाचं छप्पर गळत असे आणि दुरुस्तीचा अर्ज त्याच दालनात कुठेतरी खाली होता. पाऊस पडला, आणि महिन्याभरात तिथे गवत आलं. साधंसुधं नव्हे, कमरेइतकं. कारकून फाइल आणायला जात ते पाय उचलून टाकत, आणि परत येताना त्यांच्या तोंडात गवताची काडी असे.

हेडक्लार्कने तीस वर्षांच्या नोकरीत एकही निर्णय घेतला नव्हता. त्याने केवळ सवयीने पट्टी खोचली आणि त्याचे डोळे पांढरे झाले.

"साहेब, तीन हात," तो मातीसाहेबाला म्हणाला. "नियमाप्रमाणे या भागात चराईयोग्य जमीन आता एकच उरली."

"कुठे?"

"आपण उभे आहोत ती."

मातीसाहेबाने नियमावली मागवली. नियम बारा स्पष्ट होता. चराईयोग्य जमिनीवरचं गवत चरवलं नाही आणि त्याला आग लागली, तर जबाबदार जमीनधारक. जमीनधारक कोण, हे दारावरच्या पाटीवर मातीसाहेबाच्याच नावाने लिहिलेलं होतं.

साडेचार महिने पडून राहिलेला आत्याचा अर्ज त्या दुपारी तेरा मिनिटांत निकाली निघाला. हेडक्लार्क तिला बोलवायला स्वतः गेला.

"अभिनंदन, आत्या. दोन्ही परवानग्या. घराला खडक लागतो, तो तुमच्याकडे आता भरपूर आहे. कुठेही बांधा."

"आणि शेळ्या?"

"त्यांना अभिलेखागार दिलं आहे. साडेदहा ते साडेपाच. रविवार बंद."

"रविवारी त्यांनी खायचं काय?"

"आत्या, इथे कोणीच रविवारी खात नाही."

दुसऱ्या दिवसापासून आठ शेळ्या वेळेवर कचेरीत हजर होऊ लागल्या. त्या काळात वेळेवर येणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं. फायलींना मात्र त्यांनी तोंड लावलं नाही. चार-पाच फायली तरी जाव्यात, अशी काही जणांची मनापासून इच्छा होती. एकाने तर आपली फाइल गवतात गुंडाळून पुढे केली. शेळीने गवत खाल्लं आणि फाइल त्याच्या पायाशी ठेवली.

लग्नाआधी आठ दिवस आत्याच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. गवंडी खूश होता, कारण पायासाठी खणण्यासारखं काही उरलंच नव्हतं. निघताना भावजय आत्याच्या गळ्यात पडून रडली. डोळे पुसून तिने रंगाऱ्याला हाक मारली.

पुढचा मोठा पाऊस टेकडीवर थांबायला कारणच नव्हतं, म्हणून तो सरळ बाजारात उतरला. चपलांचं दुकान चौकापर्यंत वाहत आलं. चौकशी बसली. समितीने दीड वर्षात शोधून काढलं, की टेकडीची माती कचेरीत आहे. ती 'नागरिकांना परत करावी' असा आदेश निघाला. टेकडी नागरिक नव्हती. त्यामुळे प्रत्येक घरी एकेक कुंडी भरून माती वाटण्यात आली, वर शिक्का मारून : 'अस्सल उताराची माती'.

लोकांच्या उड्या पडल्या. ज्यांच्या गॅलरीत ती कुंडी नाही, त्यांच्याकडे मुलगी द्यायला लोक कचरू लागले. सुशिक्षित मंडळी पाहुण्यांना चिमूटभर माती हुंगायला देत आणि म्हणत, "मातीशी नातं तुटता कामा नये."

अभिलेखागार स्वच्छ झालं. शेळ्यांचं कुरण गेलं. आत्या रिकामी पाटी घेऊन दारोदार फिरली. "माझी माती परत द्या, शेळ्या उपाशी आहेत," एवढंच म्हणायची. कोणी तिला टाकून बोललं नाही. बसायला दिलं, चहा दिला, तब्येतीची चौकशी केली.

"पण आत्या, आमच्या एवढ्याशा कुंडीने तुमची टेकडी थोडीच भरणार?"

हे तिने एका दिवसात छत्तीस घरांत ऐकलं. सहा शेळ्या तिला विकाव्या लागल्या.

मातीसाहेबाला बढती मिळाली आणि तो समुद्रकिनाऱ्यावर वाळूसाहेब होऊन गेला. तिथे समुद्र मागे हटल्याचं ऐकिवात आहे. हेडक्लार्कने निवृत्त होताच एक शेळी पाळली. तिला तो साडेदहाला सोडी आणि साडेपाचला बांधी. भावजयीच्या रंगवलेल्या पडवीत सुनेने शिवणाचं यंत्र ठेवलं, आणि भावजय अधूनमधून दोन-दोन महिने आत्याकडे राहायला येऊ लागली. आत्याने त्या दगडी बांधांच्या आड लेंड्या, पालापाचोळा आणि रस्त्यावरचा गाळ पाटी-पाटीने टाकत बारा वर्षांत एक तुकडा हिरवा केला. दोन शेळ्यांपुरता. त्याची खोली तिने कोणाला कधी मोजू दिली नाही.

नियमावली अद्याप रद्द झालेली नाही. 'ज्याच्याकडे हातभरापेक्षा कमी खोल माती आहे' तो धारक, ही व्याख्याही तीच आहे. तुमच्या गॅलरीतली कुंडी साधारण वीतभर असेल. तपासणीला माणूस आला, तर त्याला एक पाटी माती द्यावी लागेल. तेवढी कुंडीत भरत नसेल, तर उरलेली धारकाने स्वतः आणून द्यायची आहे. कुठून आणायची, ते तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या वेळीही तिथूनच आली होती.