त्रेसष्ट ओरखड्यांची गाडी

"फुल कव्हर घ्यायचं का?" भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं आणि किंतुसाहेब गालातल्या गालात हसले.

हा प्रश्न विचारावा तरी कुणाला! बत्तीस वर्षं विमा कंपनीच्या दावे विभागात घालवलेला माणूस तो. लोकांच्या ठोकलेल्या गाड्या तपासायच्या, कागद वाचायचे आणि शेवटी एक पत्र धाडायचं, "आपल्या दाव्याचा सहानुभूतीने विचार केला, किंतु..." त्या एका शब्दावर इतक्यांची डोकी आपटली होती, की साहेबांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. आणि परदेशात पाऊल टाकून तास झाला नाही तोच ही कालची पोर त्यांना विमा विकायला निघाली होती. (हे सगळं बोलणं अर्थातच परक्या भाषेत चाललं होतं. आपण आपलं आपल्या भाषेत ऐकू.)

"जो कराराबरोबर फुकट येतो तेवढाच विमा द्या," साहेब म्हणाले.

"त्यात टायर येत नाहीत."

"नकोत."

"काच येत नाही. गाडीचं पोट येत नाही. किल्ली हरवली तर ती येत नाही. आणि काहीही झालं तरी खर्चाचा पहिला मोठा हिस्सा तुमचा."

"मुली, हे असलं सगळं लिहून लिहून माझे केस पांढरे झाले."

"ताई पण गाडी चालवणार का? दुसऱ्या चालकाची वेगळी फी असते."

"नाही," साहेब म्हणाले.

मागे बाकावर काकू, म्हणजे साहेबांची बायको, बसल्या होत्या. त्या सतरा वर्षं शाळेची व्हॅन चालवत होत्या. तीस पोरं, रोज दोन खेपा, आणि आजवर व्हॅनला एक ओरखडा नाही. "मला विचाराल की नाही?" त्या म्हणाल्या.

"अगं, फी आहे त्याला. तीच तर यांची कमाई. जाहिरातीत भाडं एवढंसं दाखवायचं आणि मग एकेक गोष्ट चिकटवत जायचं."

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजले होते. साडेतीन वाजता नव्वद किलोमीटरवरच्या गावात, विवाह नोंदणीच्या कचेरीत, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न होतं. जावयाकडची मंडळी पुढच्या महिन्यात यायची होती, त्यामुळे आज हजर फक्त चौघं. नवरा, नवरी आणि साक्षीदार म्हणून नवरीचे आईबाप. कचेरीत वेळ मिळाली होती पंधरा मिनिटांची. ती हुकली तर पुढची तारीख चार महिन्यांनी. लेक म्हणाली होती, "आम्ही न्यायला येतो." त्यावर साहेब म्हणाले होते, "लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाला ड्रायव्हर करू? शोभतं का? आम्ही आमची गाडी घेऊन येऊ."

साहेबांनी कराराची चौदा पानं वाचली. नुसती वाचली नाहीत, तर मागे जाऊन पुन्हा ताडून पाहिली. तेवढ्यात पाऊण तास गेला. मग एकदाची सही झाली आणि दोघं यार्डात आले.

यार्डवाला पन्नाशीचा, शांत चेहऱ्याचा माणूस होता. त्याच्या हातात टॅब होता आणि टॅबवर गाडीचं चित्र. "आधीचं काही लागलेलं-खरचटलेलं असेल तर दाखवा, म्हणजे नंतर तुमच्या माथी येणार नाही," तो म्हणाला. बिचाऱ्याला काय ठाऊक, आपण कुणाला काय सांगतोय ते!

साहेबांनी खिशातून छोटी बॅटरी काढली. चष्मा कपाळावर चढवला. गाडीला एक चक्कर मारली, मग दुसरी, मग सरळ जमिनीवर बसले.

"मागचा दरवाजा, कडीखाली, दोन सेंटिमीटर. लिहा."

"लिहिलं."

"आरशाची पाठ. तीन, नाही, चार. आणि हा खडा उडून पडलेला टवका. लिहा."

"साहेब, हा तर मला दिसतसुद्धा नाहीये."

"हात फिरवा. लागला? लिहा."

यार्डवाला आधी कंटाळला, मग चकित झाला आणि पंचेचाळिसाव्या खुणेनंतर त्याला चक्क गोडी लागली. एकसष्टावा ओरखडा त्याने स्वतः शोधला. त्रेसष्टाव्याला साहेब उठले, गुडघे झटकले आणि आता जगात आपल्याला कुणी फसवू शकत नाही अशा चेहऱ्याने उभे राहिले.

यार्डवाल्याने टॅबवर बोट दाबलं. टॅब लालभडक झाला.

"अरेच्चा," तो म्हणाला.

"काय झालं?"

"तीसच्या वर खुणा गेल्या की गाडी भाड्याने देता येत नाही. आपोआप दुरुस्तीला लागते."

"अहो, पण मला चालतात या खुणा!"

"तुम्हाला चालतात साहेब, यंत्राला चालत नाहीत."

काकूंनी कपाळाला हात लावला. "झालं समाधान? घालवलीत ना चालती गाडी?"

यार्डात दुसरी एकच गाडी उरली होती. ती आदल्याच दिवशी कारखान्यातून आलेली. आसनांवर अजून प्लास्टिक. काकू म्हणाल्या, "वा, किती छान!" आणि साहेबांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं, हात फिरवून पाहिला, आडवं होऊन पोटाखाली डोकावलं. कुठे म्हणून एक खूण नाही! जुन्या गाडीवर नवा ओरखडा खपून जातो. हिच्यावर जे काही उमटेल ते सगळं आपलंच. ही गाडी म्हणजे कोरा कागद होता आणि तो आपल्यावर साहेबांचं नाव लिहिलं जायची वाट पाहत होता.

ते धावतच काउंटरवर गेले. "सगळं द्या."

"म्हणजे?"

"टायर, काच, पोट, किल्ली. जेवढं म्हणून कव्हर असेल तेवढं सगळं."

"गाडी बदलली म्हणजे नवा करार," मुलगी म्हणाली आणि तिने पुन्हा चौदा पानं पुढे सरकवली. साहेब बसून वाचायला लागले.

"अहो, तेच आहे ते!" काकू ओरडल्या.

"तेच आहे असं वाटतं ना, तिथेच बदललेलं असतं."

काहीही बदललेलं नव्हतं. फक्त आता वाचणाऱ्याचीच भंबेरी उडाली होती. दावे नाकारणाऱ्याच्या खुर्चीतून वाचताना जी कलमं निर्मळ वाटायची, तीच आता अंगावर यायला लागली. "मुली, काच येते म्हणालीस. आरसा काचेत येतो का?"

"नाही, आरसा गाडीच्या अंगात येतो."

"आणि छप्पर?"

"छप्पर अंगात नाही येत."

"मग कशात येतं?"

मुलीने पानं उलटली. मग परत उलटली. "छप्पर... मला वाटतं, छप्पर कशातच येत नाही."

"आणि आम्ही गाडी उभी केलेली असताना झाडाची फांदी छपरावर पडली, छपरावरून काचेवर आली आणि काच फुटली तर?"

"साहेब," मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, "तुम्ही गाडी चालवणार आहात ना?"

चालवणार होते तर! पावणेदोन वाजता साहेब नव्या गाडीत बसले. बसले ते उजव्या बाजूला. समोर स्टिअरिंगच नाही. "चोरलं की काय!" ते दचकून म्हणाले. काकूंनी डाव्या दाराकडे बोट केलं. साहेब उतरून तिकडे गेले. करार, पासपोर्ट आणि परवाना त्यांनी समोरच्या कप्प्यात ठेवले, कारण कागदपत्रं गाडीतच असावीत असं सहाव्या पानावर लिहिलं होतं. मग वळायचा दिवा लावायला गेले तर काचेवर वायपर फिरायला लागले. ते बंद करायला गेले तर पाण्याची पिचकारी उडाली. गाडी यार्डातून गोल फिरून फाटकापाशी आली. फाटक दिसलं की साहेबांना ते अरुंद वाटायचं, मग पुन्हा एक गोल. असे चार गोल झाले. यार्डवाला मध्ये उभा राहून फक्त मान फिरवत होता.

"थांबवा," काकू म्हणाल्या. "उतरा. मी घेते."

"तुला नाही घेता येणार."

"मला? मला नाही येणार?"

"तसं नव्हे गं. तुझं नाव करारात नाही. तू चालवलीस आणि काही झालं, तर आपण घेतलेलं सगळंच्या सगळं कव्हर बाद."

"मग मघाशी सगळं घेतलंत तेव्हा माझं नाव का नाही घातलंत?"

दुसरा चालक हे कव्हर नव्हतं, ती फी होती. साहेबांनी कव्हरं सगळी मागितली होती, फी मागितली नव्हती. "घालून येतो आत्ता," ते म्हणाले.

"म्हणजे नवा करार?"

"चौदा पानं," साहेब पुटपुटले.

तेवढ्यात फोन वाजला. लेक होती. "बाबा, कुठपर्यंत आलात?"

"गाडीत बसलोय बेटा."

"ते कळलं हो, पण कुठे?"

"गाडी... गाडी घेतात ना, तिथे."

मग लेक अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, अहो दोन वाजलेत. तुम्ही येणार आहात ना?" पोरीने आजवर काही हट्ट म्हणून धरला नव्हता. साक्षीदार म्हणून तुमचीच सही हवी, एवढंच तिने मागितलं होतं आणि साहेब यार्डात गोल गोल फिरत बसले होते. "येतो, येतोच," ते कसेबसे म्हणाले.

काकू कधीच गाडीतून उतरल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने त्यांना सांगितलं की इतक्या लांबची टॅक्सी आदल्या दिवशी सांगावी लागते आणि दुपारची रेल्वे सुटून गेली आहे. काकू वळल्या तर यार्डवाला त्या त्रेसष्ट ओरखड्यांच्या गाडीत बसून पट्टा लावत होता.

"ही कुठे नेताय?"

"दुरुस्तीला ताई. आमची कार्यशाळा नव्वद किलोमीटरवर आहे." त्याने गावाचं नाव सांगितलं आणि काकूंनी पुढचं दार उघडून बैठक मारली.

"भाड्याने नाही देता येत," यार्डवाला घाबरून म्हणाला.

"भाड्याने कोण मागतंय? माझ्या लेकीचं लग्न आहे. अहो, चला लवकर!"

साहेब धापा टाकत आले. "पण यांचा विमा कंपनीचा, त्यात बाहेरचे प्रवासी..."

"बसता की सोडून जाऊ?" काकूंनी विचारलं.

साहेब मागे बसले. यार्डवाल्याने गाडी अशी काही सोडली, की फाटक कधी आलं आणि कधी गेलं ते साहेबांना समजलंच नाही. वाटेत काकूंनी त्याला सगळी हकीकत सांगितली. त्याने मात्र साहेबांना एकच गोष्ट विचारली, "साहेब, मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगतो, इथे सही करा, आणि ते करतात. कुणीच वाचत नाही?"

"कुणीही नाही," साहेब म्हणाले. "म्हणून तर आमची कंपनी चालते. कागदावर काय आहे हे समजल्याशिवाय कधीही सही करू नये. लिहून ठेवा." यार्डवाल्याने गंभीरपणे मान हलवली.

तीन वाजून एकोणतीस मिनिटांनी ते कचेरीच्या दारात उतरले. लेक पायरीवर उभीच होती. ती धावत येऊन साहेबांच्या गळ्यात पडली. आत अधिकारीबाईंनी भराभर कागद मांडले. नवऱ्याने सही केली, नवरीने केली. काकूंनी पर्समधून पासपोर्ट काढला आणि सही केली.

"वडिलांचं ओळखपत्र?"

साहेबांनी हा खिसा चाचपला, तो चाचपला आणि मग त्यांना तो कप्पा आठवला. नव्या कोऱ्या, सगळी कव्हरं घेतलेल्या गाडीतला. नव्वद किलोमीटरवरचा.

"ओळखपत्राशिवाय सही चालणार नाही," बाई म्हणाल्या. "दुसरा कुणी सज्ञान माणूस असेल तर त्याचं नाव घालता येईल. सात मिनिटं आहेत, बाहेर पुढचं जोडपं थांबलंय."

लेकीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ते धावत बाहेर गेले. यार्डवाला गाडी वळवतच होता. साहेबांनी त्याला हाताला धरून आत ओढून आणलं. त्याच्याकडे चालक परवाना होता. बाईंनी त्याचं नाव घातलं, कागद त्याच्यापुढे ठेवला, हातात पेन दिलं.

यार्डवाल्याने पेन खाली ठेवलं आणि खिशातून चष्मा काढला. तो पहिल्या ओळीपासून वाचू लागला. एकेका शब्दावर बोट ठेवून. मग थांबून त्याने विचारलं, "बाई, 'साक्षीदाराची जबाबदारी' असं इथे लिहिलंय. ती नेमकी कुठपर्यंत? उद्या यांचं पटलं नाही तर मी त्यात येतो का?"

"नाही हो," बाई म्हणाल्या.

"तसं लेखी कुठे आहे?" यार्डवाल्याने पान उलटलं. मागेही बारीक अक्षरं होती. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटं उरली होती. काकू साहेबांकडे बघत होत्या, लेक बापाकडे बघत होती, जावई कुणाकडे बघावं ते न कळून दाराकडे बघत होता.

"अहो, वाचत काय बसलात!" किंतुसाहेब असे काही ओरडले, की बाहेरचं जोडपं आत डोकावलं. "करा ना सही डोळे मिटून!"